टेबलाचा खण रुसतो तेव्हा

माझ्या लिहायच्या टेबलाचा डावीकडचा खण जूनच्या मध्यापासून उघडायला त्रास देतो आणि थेट दिवाळीच्या सुमारास ताळ्यावर येतो. मधले चार महिने त्याच्याशी वागायची रीत ठरलेली आहे. आधी किंचित वर उचलायचं, मग डावीकडे कलतं करायचं आणि मग सावकाश ओढायचं. घाई केली की तो अर्ध्यावर अडकलाच म्हणून समजा. घरात त्याचं नाव 'जावईबापू' आहे, कारण त्याच्यापुढे जोर चालत नाही, समजूत काढावी लागते. ज्या खुर्चीवर बसून मी भाषांतरं करते ती 'आक्का'. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ 'अण्णा'. प्रिंटर 'तात्या'.

ही नावं कुणी बारसं करून ठेवलेली नाहीत, बोलता बोलता पडत गेली. मध्यंतरी घरी आलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, "तुला खरंच वाटतं का गं, की त्या खणाला काही कळतं?" मी नाही म्हटलं. लाकडाला काही कळत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही दुसऱ्या दिवशी खण अडकला तेव्हा तोंडून "अहो, असं काय करता" असंच आलं. ठाऊक एक आणि तोंडात दुसरं, असं का होतं? या प्रश्नावर मानसशास्त्रात बरंच काम झालेलं आहे. त्यातलं मला समजलेलं इथे मांडते, आणि लिहिणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग आहे तेही.

सुरुवात १९४४ सालच्या एका प्रयोगापासून करू. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोघांनी एक छोटी मूक फिल्म बनवली. तिच्यात एकही माणूस नाही. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि दारासारखी उघडमीट होणारी फट असलेली एक चौकट, एवढंच. हे आकार पडद्यावर इकडून तिकडे सरकतात, एकमेकांना भिडतात, चौकटीत शिरतात, बाहेर पडतात. पाहणाऱ्यांना सांगितलं, काय घडलं ते लिहा. ३४ जणांनी लिहिलं. 'एक त्रिकोण उजवीकडे सरकला' अशा निव्वळ भूमितीच्या भाषेत सांगणारी त्यांच्यात एकच व्यक्ती निघाली. बाकीच्यांना तिथे गोष्ट दिसली. मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरतं, लहान त्रिकोण त्याच्या मदतीला धावतो. ती फिल्म आज पाहिली तरी हेच दिसतं. मी पाहिली तेव्हा मोठ्या त्रिकोणाचा मला चक्क राग आला.

या प्रयोगाला ६० वर्षांनी एक जोड मिळाली. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. भीती आणि भावनिक महत्त्व ओळखण्यात त्याचा मोठा वाटा असतो. एका स्त्रीचे हे दोन्ही बदाम आजारामुळे निकामी झालेले होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिला हीच फिल्म दाखवली. तिला सगळे आकार व्यवस्थित दिसत होते, माणसांच्या नात्यांची समजही शाबूत होती. पण तिने वर्णन केलं ते आकारांचंच. गोष्ट आपोआप दिसली नाही.

त्या अभ्यासातला 'आपोआप' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. खणात जावईबापू दिसणं ही मी ठरवून केलेली कल्पना नाही. डोळ्यांनी पाहणं आणि मनाने माणूस दिसणं यांत एवढंही अंतर नसतं की मध्ये थांबून विचार करावा. चेहऱ्यांचंही तसंच. भिंतीवरच्या प्लगला दोन डोळे आणि एक तोंड दिसतं. चेहऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तू पाहिल्यावर मेंदूतला चेहरे ओळखणारा भाग सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्याही आत हलतो, असं २००९ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. विचार नंतर येतो आणि म्हणतो, छे, प्लग आहे.

पण मग सगळ्याच वस्तूंत आपल्याला माणूस का दिसत नाही? माझ्या टेबलाला उजवीकडेही एक खण आहे. त्याला कुणी कधी नाव दिलं नाही.

निकोलस एप्ली, ॲडम वेट्झ आणि जॉन कॅसिओपो या तिघांनी २००७ साली याचं एक उत्तर मांडलं. त्यांच्या मते तीन गोष्टींवर हे ठरतं. एक तर आपल्याला जगात सगळ्यात जास्त माहिती माणसांची असते, म्हणून अनोळखी काही दिसलं की तीच माहिती आधी हाताशी येते. दुसरं म्हणजे अंदाज. समोरची वस्तू पुढे काय करेल हे कळावं अशी आपल्याला निकड असते. आणि तिसरी गोष्ट सोबतीची.

यातली दुसरी गोष्ट लिहिणाऱ्यांनी नीट पाहावी अशी आहे. याच संशोधकांपैकी काहींनी २०१० मध्ये कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना विचारलं, तुमचं मशीन किती वेळा बिघडतं, आणि त्याला स्वतःचं मन आहे असं तुम्हाला किती वाटतं. ज्यांचं मशीन जास्त दगा देत होतं त्यांनाच त्यात मन जास्त दिसत होतं. निमूट चालणाऱ्या मशीनला मन नसतं, अडणाऱ्याला असतं. आमचा तात्या गेली सहा वर्षं तात्या आहे, कारण तो कधी एका हुकमात दहा पानं देतो आणि कधी दोन कागद एकदम गिळून बसतो. माझ्या टेबलावरच्या पंचिंग मशीनला नाव नाही. ते दाबलं की भोक पडतं, रोज पडतं.

सोबतीचा मुद्दा थोडा हळवा आहे. २००८ मधल्या एका अभ्यासात लोकांना काही यंत्रांची ओळख करून दिली. त्यांतलं एक होतं चाकांचं गजराचं घड्याळ. गजर झाला की ते टेबलावरून उडी मारून खोलीभर पळत सुटतं, म्हणजे बंद करायला उठावंच लागतं. स्वतःला एकटं समजणाऱ्या लोकांनी अशा यंत्रांना माणसासारखे गुण जास्त दिले. लिहिण्याचं काम एकट्याने करायचं असतं. सकाळी साडेनऊला घर रिकामं होतं आणि मग संध्याकाळपर्यंत मी, शब्दकोश आणि आक्का. त्या तासांत मी खुर्चीशी दोन शब्द बोलते यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही.

चार्ल्स डिकन्सला लिहायच्या टेबलावर ठरावीक वस्तू मांडलेल्या लागत. त्यांत तलवारीने द्वंद्व खेळणारे दोन काशाचे बेडूक होते, कुत्र्याच्या पिल्लांच्या गराड्यात बसलेला एक विक्रेता होता. १८७० च्या जूनमध्ये तो गेला. त्यानंतर ल्यूक फिल्ड्स या चित्रकाराने त्याची अभ्यासिका चितारली. टेबल आहे, कागद आहेत आणि मागे सरकवलेली रिकामी खुर्ची आहे. व्हॅन गॉगला ते चित्र फार आवडायचं. १८८८ मध्ये त्याने स्वतः दोन खुर्च्या रंगवल्या. एक त्याची, साधी, गवताने विणलेली, तिच्यावर पाईप आणि तंबाखू. दुसरी त्याच्या घरी राहायला आलेल्या गोगँ या चित्रकाराची, हातांची, डौलदार, तिच्यावर पेटती मेणबत्ती आणि दोन पुस्तकं. एकाही खुर्चीला डोळे नाहीत की नाक नाही. तरी दोन माणसं समोर बसल्यासारखी वाटतात, आणि त्यांचं फार दिवस जमणार नाही हेही जाणवतं. वस्तूला स्वभाव द्यायचा म्हणजे तिच्यावर चेहरा काढायला हवा असं मुळीच नाही, हे त्या दोन चित्रांइतकं स्वच्छ मला कुठे दिसलेलं नाही.

आता आपल्या भाषेकडे येते, कारण इथे मराठीने आपलं निम्मं काम आधीच करून ठेवलेलं आहे.

खुर्ची कुरकुरते आणि माणूसही कुरकुरतो. दोन्हीला क्रियापद एकच. दार कुरकुरतं, सून कुरकुरते, सांधा कुरकुरतो. आवाज आणि तक्रार यांना वेगवेगळे शब्द द्यावेत असं मराठीला वाटलेलं नाही. गाडी रुसते, पेन चालत नाही, लाईट जाते आणि येते, घड्याळ बंद पडतं, टाचणी दगा देते. खुर्चीला पाय, हात आणि पाठ असते. बाटलीला तोंड, मडक्याला गळा. शाईपेनाच्या निबाखाली जीभ असते. आणि सर्वनाम पाहा. खुर्ची 'ती', पाटी 'ती', आणि आईही 'ती'. 'ती आज सकाळपासून कुरकुरतेय' एवढंच वाक्य दिलं तर बोलणं खुर्चीबद्दल आहे की आजीबद्दल, हे सांगता येणार नाही. ज्या भाषांत निर्जीव वस्तूंना एकच वेगळं सर्वनाम लागतं, तिथे लेखकाला एक उंबरठा ओलांडावा लागतो. आपल्याकडे तो उंबरठाच नाही.

व्याकरणातलं लिंग वस्तूचा स्वभाव ठरवतं का, असंही लोक विचारतात. २००३ च्या सुमाराला एक प्रयोग फार गाजला होता. 'किल्ली' हा शब्द जर्मनमध्ये पुल्लिंगी आणि स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आहे, म्हणून जर्मन लोक किल्लीला दणकट म्हणतात आणि स्पॅनिश लोक नाजूक, असा त्याचा निष्कर्ष होता. नंतर २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसं काही हाती लागलं नाही. त्यामुळे या मुद्द्यावर मी फार भार टाकणार नाही. आपल्याकडे तर 'पेन' कुणाच्या तोंडी 'तो' असतो आणि कुणाच्या तोंडी 'ते', आणि दोघांची अक्षरं सारखीच येतात.

लिंगापेक्षा मला 'ओबा' जास्त महत्त्वाचा वाटतो. वाघोबा, कोल्होबा, नागोबा, चांदोबा. 'बा' म्हणजे बाप, वडीलधारा. विठोबा आणि खंडोबा याच वाटेने आलेले. एवढासा प्रत्यय लावला की वाघ जंगलातून उठून अंगणात बसतो. त्याची भीती राहते आणि त्याच्याशी बोलताही येतं. 'आधी पोटोबा, मग विठोबा' म्हणताना आपण स्वतःच्या पोटालाही एक म्हातारा माणूस करून टाकतो. नद्यांच्या बाबतीत हेच काम 'माई' करते. कृष्णामाई, गंगामाई. चंद्र मामा आहे, चिमणी ताई आहे, मांजर वाघाची मावशी आहे. मराठी माणूस वस्तूला किंवा प्राण्याला जवळ करतो तेव्हा त्याला नुसतं नाव देत नाही, नातं देतो. नात्यामुळे वागायची रीतही लगेच ठरते. मामाकडे हट्ट करता येतो. जावयाची समजूत काढावी लागते. आक्का बोलते, आपण ऐकून घ्यायचं. म्हणून माझ्या टेबलावर कुणी 'स्मिता' किंवा 'राहुल' नाही. नुसत्या नावाने वस्तूशी कसं वागायचं ते कळत नाही.

दळताना म्हटलेल्या ओव्यांत जात्याला 'ईसवरा' अशी हाक येते. पहाटे तीन-चारला उठून दगडाची तळी फिरवणाऱ्या बाईला त्या दगडाशी बोलावंसं वाटलं, आणि त्या बोलण्यातून केवढं काव्य उभं राहिलं. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉईतव्हाँ यांनी गावोगाव फिरून सुरू केलेल्या संग्रहात अशा लाखभराहून अधिक ओव्या जमल्या. लिहिणाऱ्याच्या टेबलाची आजी मला त्या जात्यात दिसते. एकटीचं काम, रोजचं काम, आणि सोबतीला एक अवजार.

कामाच्या वस्तूला मान देणं आपल्याकडे सणातही आहे. खंडेनवमीला शस्त्रं आणि अवजारं पुजतात. दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे ओळीने मांडून सरस्वती काढतात. पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात आपसूक पुस्तकाकडून कपाळाकडे जातो, आणि असं करणाऱ्याला 'कागदाला कळतं का' असं कुणी विचारत नाही. नावं देण्याचीही जुनी चाल आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात उपदेश सुरू व्हायच्या आधी शंखांची नावं येतात: पांचजन्य, देवदत्त, पौण्ड्र, अनंतविजय, सुघोष, मणिपुष्पक. जंजिऱ्यावरची तोफ 'कलाल बांगडी', विजापूरची 'मुलुख मैदान', महाराजांची तलवार 'भवानी'. १ जून १९३० रोजी सुरू झालेली पुण्या-मुंबईची गाडी 'दख्खनची राणी', तिचा वाढदिवस प्रवासी केक कापून साजरा करतात. तोफेला नाव, तलवारीला नाव, रेल्वेला नाव. बोरूला आणि दौतीला मात्र कुणी गाजलेलं नाव ठेवल्याचं मला आठवत नाही, आणि याची मला खरोखर खंत वाटते.

चीनमध्ये ते झालं. हान यू (७६८ ते ८२४) हा थांग राजवटीतला मोठा गद्यलेखक. त्याने कुंचल्याचं चरित्र लिहिलं, तेही थोर पुरुषांची चरित्रं लिहायच्या गंभीर इतिहासाच्या शैलीत. कुंचला सशाच्या केसांचा, म्हणून चरित्रनायकाचं नाव माओ यिंग, म्हणजे केसाचं टोक. त्याचे पूर्वज ससे. सेनापती मंग थ्यान त्याला शिकारीत पकडून सम्राटाकडे आणतो. सम्राट त्याला गरम पाण्याने न्हाऊ घालतो आणि 'नळीनगर' जहागीर देतो, कारण कुंचल्याचे केस बांबूच्या नळीत बसवलेले असतात. माओ यिंगचे तीन जिवलग मित्र आहेत, एक शाई, दुसरी शाई उगाळायची सहाण आणि तिसरा कागद. प्रत्येकाला आडनाव आहे आणि गाव आहे, आणि ते गाव त्या वस्तूसाठी प्रसिद्ध असलेलं. चौघं नेहमी एकत्र असतात, एकाला बोलावलं की बाकीचे न बोलावता येतात. माओ यिंग राज्यातली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतो. वर्षं जातात. एकदा मुजऱ्यासाठी तो टोपी काढतो आणि सम्राटाला दिसतं की याच्या डोक्यावरचे केस गेले. म्हातारा झालास, आता तुझ्याने होत नाही, असं सम्राट हसून म्हणतो आणि पुन्हा त्याला कधी बोलावत नाही. शेवटी इतिहासकाराचा शेरा येतो, की राजाने उपकाराची जाण ठेवली नाही.

त्या काळी काहींनी या लेखाला पोरकटपणा म्हटलं. ल्यू झोंगयुआन या दुसऱ्या मोठ्या लेखकाने मग त्याची बाजू घेऊन लिहिलं. मला हे चरित्र थोर वाटतं त्याचं कारण असं की त्यात कुंचल्याला चिकटवलेलं काहीच नाही. अंघोळ खरी आहे, कारण केस धुऊनच कुंचला बांधतात. जहागिरीचं नाव खरं आहे. टक्कल तर फारच खरं आहे, कारण वापरून वापरून कुंचल्याचे केस झडतात. हान यूने कुंचल्याकडे नीट पाहिलं, आणि पाहता पाहता त्याला आयुष्यभर राबून निवृत्त झालेला कारकून दिसला.

आता याच्या शेजारी आपला शाळेतला निबंध ठेवा. 'मी फळा बोलतोय.' 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत.' 'पडक्या किल्ल्याचे आत्मवृत्त.' हे निबंध आपण सगळ्यांनी लिहिले आहेत, आणि चेतनगुणोक्ती अलंकाराची व्याख्याही पाठ केली आहे: निर्जीव वस्तू सजीव आहे अशी कल्पना करून ती माणसासारखी वागते असं वर्णन करणं. व्याख्या बरोबर आहे. पण त्या निबंधांत फळा, पुस्तक आणि किल्ला हे तिघं एकाच आवाजात बोलतात. पूर्वी मला मान होता, आता कुणी विचारत नाही. फळ्यावर कुठला खडू उमटतो आणि कुठला कर्र करतो, ओल्या कपड्याने पुसल्यावर अक्षरं थोडा वेळ गायब होतात आणि सुकल्यावर पुन्हा पुसट दिसू लागतात, यातलं काही तिथे येत नाही. मुलांना आधी फळा दहा मिनिटं पाहायला सांगावा आणि मग लिहायला सांगावं, असं मला कळकळीने वाटतं.

वस्तूंचे स्वभाव येतात तरी कुठून, ते माझ्याच टेबलावर दाखवते.

जावईबापू जुन्या सागवानाचे. लाकूड हवेतली ओल शोषून घेतं आणि फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. नसांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ फुगतच नाही, नसांच्या आडव्या दिशेने फुगतं. खणाच्या बाजूच्या फळ्यांत नसा पुढून मागे धावतात, म्हणून पावसाळ्यात फळीची लांबी तेवढीच राहते आणि उंची वाढते. रत्नागिरीच्या पावसात एखाद-दुसरा मिलिमीटर पुरे होतो, खण वरच्या पट्टीला घासतो. ऑक्टोबरच्या उन्हात ओल निघून जाते आणि जावईबापू निवळतात. उजवीकडचा खण नंतर कधीतरी प्लायवूडचा बसवलेला आहे. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, ते एकमेकांना फुगू देत नाहीत. तो बारा महिने गुमान उघडतो, आणि म्हणून त्याला नाव नाही.

आक्काची कुरकुर तिच्या मागच्या उजव्या सांध्यात आहे. दोन लाकडं एकमेकांवर दाबून असतात तेव्हा आधी ती चिकटून राहतात. ताण वाढला की एकदम सरकतात, पुन्हा चिकटतात, पुन्हा सरकतात. हे फार भरभर झालं की आवाज होतो. व्हायोलिनच्या तारेवर गज ओढतानाही हेच घडतं. मी ताठ बसले असताना आक्का गप्प असते. पाठ पोक काढून मागे रेलले की त्या सांध्यावर ताण येतो आणि ती बोलते. 'नीट बस' असं ती म्हणते, हे मी केलेलं भाषांतर, पण मूळ मजकूर तिचाच आहे.

अण्णांचा लंबक पोलादी दांडीचा. उष्णतेने दांडी अगदी किंचित लांबते, आणि लांब लंबक सावकाश झुलतो. तापमान एका अंशाने वाढलं तर असं घड्याळ दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडतं. जानेवारीत नीट लावलेलं घड्याळ मे महिन्यात, सरासरी पाच-सहा अंशांचा फरक धरला तर, महिन्याभरात दीड मिनिटाच्या आसपास मागे जातं. उन्हाळ्यात अण्णा दमतात असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

माझं जुनं शाईपेन, 'माई', शाई अर्ध्याच्या खाली गेली की थेंब टाकायची. तेही सरळ आहे. टाकीत शाई कमी झाली की हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला पुढे ढकलते. आंबा घाट चढताना तर हमखास, कारण उंची वाढेल तसा बाहेरचा हवेचा दाब कमी होतो, हजार मीटरला साधारण एक दशांश, आणि आतली हवा बाहेर येऊ पाहते. म्हणून कोल्हापूरला निघताना माईला एकतर पूर्ण भरायचं किंवा पूर्ण रिकामं करायचं, आणि पिशवीत निब वर करून उभं ठेवायचं. 'माईला घाट लागतो' हे आमच्या घरातलं वाक्य. त्यात पेन सांभाळायची सगळी माहिती आहे, आणि ती माझ्या भाच्यालाही सहज लक्षात राहते.

नाव देण्याचा मला दिसणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच. वस्तूच्या बारीक सवयी सुट्या सुट्या लक्षात ठेवणं कठीण असतं. एका माणसाचा स्वभाव म्हणून त्या एकत्र बांधल्या की विसरत नाहीत.

याची किंमतही असते. जेसी चँडलर आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी २०१० मध्ये असं दाखवलं की आपल्या गाडीबद्दल माणसासारखा विचार करायला लावलेले लोक ती बदलायला कमी तयार होतात, आणि बदलायची की नाही हे ठरवताना ती किती चांगली चालते याला कमी महत्त्व देतात. मित्राला कुणी भंगारात काढत नाही. माझा एक लॅपटॉप होता, 'मन्या'. त्याची बॅटरी गेली, पडदा मध्येच काळा व्हायचा, दोन बटणं उमटत नव्हती. तरी मी त्याला दीड वर्ष ओढलं, आणि त्यातच एका पुस्तकाची साठ पानं गेली. ती पानं मला पुन्हा करावी लागली. मन्याबद्दल माया वाटण्यात चूक नव्हती. 'तो आजारी आहे' असं म्हणत राहिल्यामुळे 'तो बिघडलाय' हे म्हणायला मला उशीर झाला.

आणि एक फरक हल्ली लक्षात ठेवायला हवा, उत्तर देणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत. १९६६ मध्ये एमआयटीतले जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्याचं वाक्य उलटवून प्रश्न करायचा, एवढंच त्याला येत होतं. प्रोग्रॅम बनताना रोज पाहणाऱ्या त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी थोडं बोलल्यावर वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितलं, कारण बोलणं खाजगी होतं. आक्काशी मी बोलते तेव्हा दोन्ही बाजूंचं बोलणं माझंच असतं आणि ते मला माहीत असतं. उत्तर बाहेरून यायला लागलं की ही जाणीव ठेवणं फार अवघड होतं.

जपानमध्ये ८ फेब्रुवारीला मोडलेल्या सुयांचा निरोप समारंभ असतो. वर्षभर जाड कापडात राबलेल्या सुया मऊ टोफूत टोचून ठेवतात, शेवटी तरी त्यांना विसावा मिळावा म्हणून. हिरोशिमाजवळ कुंचल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कुमानो गावात वापरून झालेले कुंचले सणाच्या दिवशी अग्नीला देतात. वस्तूवर माया करायची आणि वेळ आली की तिला मानाने सोडायचं, या दोन्हीची सोय तिथे आहे. खंडेनवमीला आपण चालू अवजारं पुजतो. थकलेल्यांसाठी आपल्याकडे असं काही असतं तर मला फार आवडलं असतं.

माईचं निब गेल्या महिन्यात उकललं. दुरुस्त करणाऱ्याने भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. तिला पाण्याने स्वच्छ धुतलं, कोरडं केलं, मऊ कापडात गुंडाळलं आणि जावईबापूंच्या ताब्यात दिलं. पावसाळा आहे, त्यामुळे आत ठेवायलाही दहा मिनिटं लागली. नवीन पेन आणलंय. तीन दिवसांपूर्वी पहिल्यांदा शाई भरली. अजून थेंब टाकलेला नाही, अडलेलं नाही, घाटही चढलेलं नाही. भाचा रोज विचारतो, नाव काय ठेवलं.